वेसणीचं माप

लिही. पण आधी तो पहिला कागद फाड.
डोंगराच्या पोटातून, आगीतून जन्मला
असंच लिहिलंयस ना? तुमचे भाट तसंच गातात.
मी त्याला पहिल्यांदा पाहिलं
तेव्हा ऑर्व्हाच्या खाजणात तो शेवाळ खात होता
आणि त्याच्या कानामागे एक गोगलगाय चिकटली होती.

आम्ही त्यांना हुम म्हणायचो.
ओहोटीला नावा गाळात रुतल्या की
तरीवरची म्हातारी येर्डा पितळी घंटा दोनदा वाजवायची.
पहिल्या ठोक्याला ते मान वळवत,
दुसऱ्याला गुडघे टेकत.
माणसं, मेंढ्या, मिठाची पोती, एकदा तर
एका नवरीचं अख्खं लाकडी कपाट
त्यांच्या पाठीवरून पैलतीराला गेलं.
भाडं मूठभर मीठ,
तेही तळहात चाटून, हळू.

मग टेकडीवर ओस्केनचा तळ पडला.
मोठ्यांना त्यांनी नेलं नाही, मोठे शिकत नाहीत.
पिल्लं नेली, चीक तोंडाला असलेली.
आयांचं काय केलं ते विचारू नकोस.
त्या वर्षी भरतीचं पाणी
आठवडाभर दुधाळ होतं.

मी तुइरे, मोल्कची मुलगी, लोहारीण.
हेही लिही, तुमच्या कागदात नसेल.
मला वेसणीचं काम दिलं.
दर थंडीच्या तोंडी दोरीनं माप घ्यायचं,
गाठ मारायची,
जुनी कडी कापून नवी सांधायची.
पहिली माझ्या मनगटातल्या कड्याएवढी होती.
चौथ्या वर्षीच्या कडीतून माझा एस्की
उडी मारून पलीकडे गेला, हसत, पुन्हा पुन्हा,
आणि तो मान तिरकी करून बघत राहिला.
नवव्या वर्षी त्यातून घोडा गेला असता.

जवाच्या भरड्यात रक्त कालवायचे.
आधी मेंढीचं. मग मेंढ्या संपल्या.
वर कसलासा काळा काढा, हाडं वाढवणारा.
रात्री ती वाढताना ऐकू यायची,
गोठल्या नदीला तडे जावेत तशी.
कातडी मागे पडायची, फाटायची,
त्या फटींवर मी पत्रे ठोकले.
तुम्ही त्याला चिलखत म्हणता.
ठिगळं होती ती.

मी माप घेत असताना तो श्वास धरून ठेवायचा.
एकदा सोडला होता,
तेव्हा मी भिंतीवर जाऊन आपटले होते.
तेवढं त्याच्या लक्षात राहिलं.

काल्थच्या वेशीवर काय झालं ते तुला माहीत आहे.
पाठीवर बुरूज, बुरुजात चाळीस तिरंदाज
आणि बाण पुरवायला चार पोरं.
तट शिळ्या भाकरीसारखा मोडत होता.
भर लढाईत तो थांबला,
मान वळवली,
गुडघे टेकले.
बुरूज माणसांसकट पुढे ओतला गेला.
भाट म्हणतात देवीचा कोप,
सेनापती म्हणतो विषारी बाण.
काल्थवाल्यांना त्याला मारायला संध्याकाळ झाली
आणि तेवढ्या वेळात तो उठला नाही.
उतारू चढायची वाट बघत होता.

घंटा?
लेखणी खाली ठेव.

येर्डा गेल्यावर तिचं पितळ वितळवायला
माझ्याच भट्टीत आलं होतं.
हिशेबात चार शेर कमी भरलं,
कोणी तपासलं नाही.
एस्की त्या दिवशी मागे, रसदीच्या गाड्यांवर आहे
असं मला सांगितलं होतं.
सांगितलं होतं.

ही घे दोरी. नऊ गाठी आहेत.
टोकापासून मोज, चौथीवर बोट ठेव.
एवढा होता तेव्हा. खेळायचा.
कोण,
ते तुझं तू लिही.