इथेही औषधच म्हणतात

रुस्ताकच्या पेट्रोल पंपामागे, टायरवाल्याला लागून
जे दुकान आहे, तिथे मी अकरा वर्षं औषधं विकतो.
औषधं. दापोलीला आंब्यावर मारायचो तेही औषधच,
आणि इथले म्हातारे काउंटरवर कोपर टेकून मागतात, ती दवा.
दोन भाषा, मधे एवढा समुद्र,
तरी खोटं बोलायला दोघींना एकच शब्द सुचला.

माल लावायची माझी एक रीत आहे.
खाली तणनाशकं, जड कॅन, कडीला साखळी.
मधे बुरशीवरच्या पुड्या, नुसत्या हलवल्या तरी शिंक येते.
वर स्पर्शविष. त्याला अंगाला लागणं पुरतं.
शेजारी पोटविष. त्याला आधी कुणाला तरी भूक लागावी लागते.
काचेच्या कपाटात आंतरप्रवाही:
ते मुळातून चढतं, पानात जातं, मोहरात जातं,
झाड आतून भलतंच काही होऊन बसतं
आणि बाहेरून बघाल तर हिरवंगार.

गोळ्या मात्र आतल्या खोलीत, कुलपात.
त्या खोडातल्या भोकात सरकवून वर सिमेंट लिंपतात.
सालिम बिन हुमैद खजुरीला कान लावून तासभर उभा राहतो,
आत सोंड्या कुरतडत असतो, त्याला ऐकू येतं.
आमच्या माडांवरचाच सोंड्या.
तो इथे कुणाच्या व्हिसावर आला, कोण जाणे.

एप्रिलात दुबास पडला. तुडतुड्यांचा चुलतभाऊ.
झावळ्यांवर चिकटा, खाली लावलेल्या गाड्यांच्या काचांवर चिकटा,
बोटाला लागलं तर गोड.
संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर मेसेज:
उद्या पहाटे हेलिकॉप्टर. टाक्या झाका. मधाच्या पेट्या हलवा.
खमीस वर वादीत होता, सुमुरच्या फुलोऱ्याखाली,
(सुमुर म्हणजे आपल्या बाभळीची बहीण)
तिथे रेंज नाही.
'या तिसेकर, गाडी आहे तुझ्याकडे, सांगून ये,' त्याचा भाऊ म्हणाला.
मी हो म्हटलं.
मग सोहारहून टेम्पो आला,
दीडशे खोकी उतरवून मोजता मोजता रात्र झाली.

तिसऱ्या दिवशी खमीस आला
आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा काउंटरवर उपडा केला.
माशा. वाळलेल्या चहापत्तीसारख्या, आवाजही तसाच.
रागावला नाही. फडताळांकडे हात करून म्हणाला,
'यातलं कुठलं?'

मी खाली बघितलं. मधे. वर.
मेलेल्या माशीवर लेबल नसतं.
एक अजून जिवंत होती, पाठीवर पडून स्वतःभोवती गरगरत,
पोळ्यात परतून फुलांचा पत्ता सांगतात ना, तशी.
ऐकायला समोर मी होतो, आणि स्टेपलर.
पावतीच्या कागदाने तिला सरळ केलं.
ती पुन्हा उलटी झाली.

त्याला सांगायला हवं होतं की निरोप माझ्याकडे होता.
मी म्हटलं, 'चहा घेणार?'
त्याने घेतला. साखर जास्त मागितली.

डबा अजून काउंटरखाली आहे.
सुटे पैसे ठेवावेत म्हणून धुऊन ठेवला,
ठेवले नाहीत.

परवा फलजवर एक पोरगा बघितला,
सात-आठ वर्षांचा, गाढवासाठी पाणी भरत होता.
कॅन माझ्याच दुकानातला, पिवळा,
कवटीचं चित्र दगडाने घासून काढलेलं.
मी ओरडणार तेवढ्यात तोच म्हणाला, 'तीनदा विसळलाय.'
बरोबर आहे. तीनदा विसळा, असं मीच सांगतो सगळ्यांना.
विसळलेलं पाणी कुठे ओतलं,
ते त्याने सांगितलं नाही.
फलज वाहत होता, मशिदीकडून बागांकडे,
आणि मी विचारलं नाही.