शेऱ्याचा रकाना

मार्कलिस्टवर तो विषय शेवटून दुसरा.
कॉस्टिंग, ऑडिट, आयकर यांच्या खाली,
क्रीडा व योगच्या जरा वर:
मराठी साहित्य, मायनर, क्रेडिट दोन.

आमच्या वाट्याला वर्ग नव्हता.
भूगोलाच्या प्रयोगशाळेत बसायचो सहाजण,
सकाळी सात वीसला,
पर्जन्यमापक आणि गुंडाळलेल्या नकाशांच्या मध्ये.
मगदूम सर तासिका तत्त्वावर. तासाला किती मिळतात
ते आम्हाला तोंडपाठ, आम्ही कॉमर्सचे.
सव्वाआठची तासगाव गाडी गाठायची म्हणून
पिशवी खांद्यालाच ठेवून
ते कविता वाचायचे.

एकदा म्हणाले, सांगा, इथं काय म्हणायचंय?
शाहीन शिकलगारनं गाईड उघडलं.
बाहेर विश्रामबागचं फाटक पडल्याची घंटा.
मी आपली बोलून गेले:
सर, आमचे अण्णा मार्केट यार्डात तोलार.
ते सांगतात, पूर्वी हळदीचा सौदा टॉवेलाखाली व्हायचा.
वर पोराबाळांचं, पाण्यापावसाचं बोलणं
आणि खाली बोटं धरून भाव.
शेजारच्या माणसाला
टॉवेल तेवढा हललेला दिसायचा.

सर काही बोलले नाहीत.
पिशवी उतरवली, टेबलावर ठेवली.
मग तीच कविता परत पहिल्यापासून, सावकाश.
त्या दिवशी त्यांची तासगाव गाडी चुकली.

परीक्षेत मी हेच लिहिलं. पाचपैकी अडीच.
कडेला लाल शाईत: मुद्द्याला धरून लिहा.

पुढच्या वर्षी पोरं किमान संख्येला पुरेनात.
नोटीस लागली. आम्हा सहाही जणांना डिजिटल मार्केटिंग.
फॉर्मवर शिक्का मारताना क्लार्क म्हणाला,
बरं झालं की, उपयोगाचं आहे.
सर नंतर एकदाच दिसले, स्टँडवर,
उभ्यानं पेपर तपासत, पेनाचं टोपण दातात.
हाक मारायच्या आत गाडी लागली,
ते गर्दीबरोबर चढून गेले.

हल्ली सुट्टीत अण्णांच्या अडत्याकडं बसते.
वही माझ्याकडं. नाव, गाव, वजन,
हमाली, तोलाई, भाव,
आणि पार उजवीकडं, शिवणीजवळ,
बोटभर रुंदीचा रकाना: शेरा.
तिथं सगळे 'ठीक' लिहितात,
नाहीतर मोकळाच सोडतात.

काल आष्ट्याच्या एका बाईंची आठ पोती उतरली.
एकात हात घातला कोपरापर्यंत
आणि लिहिलं:
वरून कोरडी. आत अजून जमीन आहे.

अण्णांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला,
ओळीवरून बोट फिरवलं.
दोनदा.
नख पिवळं, कायमचं. माझंही होत आलंय.
खोडू नको, म्हणाले.
पण वजन आधी लिही.