पोटभाडेकरू

करारातलं सातवं कलम : पोटभाडेकरू ठेवता येणार नाही.
खैरनारांना सटाण्याला फोन लावला,
ते डाळिंबाच्या फवारणीत.
किती महिने, म्हणाले.
म्हटलं आठ. कोइमतूरला. मशीन उभं राहिलं की परत.
पंपाची घरघर थांबली. मग म्हणाले,
माणूस बरा असेल तर सातवं कलम मी वाचलंच नाही,
चष्मा नव्हता.

बरा माणूस.
एवढे दोन शब्द घेऊन मी पाथर्डी फाट्याला
तिसऱ्या मजल्यावर दार उघडं टाकून बसले
तीन रविवार.

अंबडच्या कंपनीतले तिघे आले, एकाच मोटरसायकलवरून.
एकाने बाल्कनी पावलांनी मोजली,
एक मोबाइल वर धरून रेंज शोधत हिंडला,
तिसरा नुसता हसत होता. तो मला आवडला,
पण तो एकटा येणार नव्हता.

मग एक जोडपं. तिने ओटा पाहिला, त्याने मला.
तुम्ही एकट्याच राहता? एवढ्या वर्षं?
जणू भिंतींना त्याची ओल आली असेल.

मी ठरवलं होतं,
सोसायटीने मला विचारलेलं मी कुणाला विचारणार नाही :
आडनाव, ताटात काय, येतं-जातं कोण.
तिसऱ्या रविवारी एक मुलगा आला, हळू बोलणारा,
चपला नीट जोडून ठेवणारा,
आणि मला माझाच आवाज ऐकू आला,
मूळचे कुठले तुम्ही?
त्याने सांगितलं. सांगून सांगून गुळगुळीत झालेलं उत्तर.
पाण्याचा ग्लास तसाच ठेवून गेला.
तो ग्लास मी रात्रीपर्यंत उचलला नाही.

यमुना गांगुर्डे रविवारी आल्याच नाहीत.
बुधवारी आल्या, दिवे लागल्यावर,
कळवणच्या एसटीतून उतरून सरळ.
हातात पिशवी, पिशवीत एक्स-रेचं मोठं पाकीट,
त्याचा कोपरा त्यांनी पदराखाली घेतला.
आठ महिने चालतील, म्हणाल्या. कशाला ते सांगत बसत नाही.
घर पाहिलं नाही. हात धुवायला गेल्या.

आमच्या बेसिनचा नळ असा आहे :
आधी अर्धा फेरा उलटा, मग सुलट,
मग किंचित वर उचलून दाबायचा,
नाहीतर रात्रभर टपटप.
प्लंबरला चार वेळा दाखवून जमलं नव्हतं.
मी सांगायला उठले,
तर त्यांनी अर्धा फेरा उलटा, मग सुलट,
उचलून दाबला.
आमच्याकडचा पण असाच, म्हणाल्या,
आणि भाडं किती ते विचारलं.

किल्ली देताना मीच बडबडले.
पाणी पहाटे साडेपाचला, चाळीस मिनिटं.
वरच्या देवऱ्यांचा नातू रात्री गोट्या सांडतो, घाबरू नका.
खिडकी वाऱ्याने लागली तर खालून बुक्की.
त्या मान हलवत होत्या, मला निरोप दिल्यासारखी.

रेल्वेत वरच्या बर्थवर तो शब्द घोळत राहिला.
पोटमाळा, पोटकलम, पोटभाडेकरू.
एकाच्या आत दुसरं,
आणि बाहेरून कळू नये.

चौथ्या महिन्यात त्यांचा फोन आला.
माळ्यावर निळ्या डब्यात पणत्या आहेत, दोन घेऊ का?
मागे नळाचा आवाज नव्हता.
कुणीतरी खोकलं, पुरुषाचं, लांबलेलं,
आणि त्यांनी दार लोटल्याचं कळलं.
घ्या की, म्हटलं. सगळ्या घ्या.

फोन ठेवल्यावर आठवत बसले,
पणत्या मी कधी ठेवल्या.
निळा डबा माझा नव्हताच बहुतेक.
माझ्याआधी तिथे कोण राहायचं,
खैरनारांना कधी विचारलं नव्हतं.