तळटीप क्रमांक सतरा

मॅडम म्हणाल्या, हे नऊ रुपये कुठून आणलेस?
बाहेर कॅम्पसवर मोर ओरडला.
मला वाटलं, तोही हेच विचारतोय.

तिसऱ्या प्रकरणात, पान अठ्ठ्याऐंशीवर, मी लिहिलं होतं:
सन एक्क्याण्णवच्या सुमारास
चपलेची वेणी घालणाऱ्या बाईला
दिवसाकाठी नऊ रुपये पडत.
सगळेच लिहितात. मीही लिहिलं.

मग बसले शोधायला.
राजारामपुरीतली खोली, पंख्याचा खडखडाट,
मोबाईल खिडकीच्या गजाला बांधलेला, तिथंच तेवढी रेंज.
पहिल्या पानावर चपला विकणारे.
दुसऱ्या पानावर तेच, इतिहासासकट.
एक लेख देखणा, पण खाली नाव नाही, तारीख नाही,
एस.टी. स्टँडवर सापडलेल्या पिशवीसारखा:
कुणाची म्हणून कुणाला विचारायचं?
एका आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या पत्रिकेत आकडा मिळाला,
पण तिथं बाराशे भरले की चार दिवसांत काहीही छापून येतं.
आमच्याच विभागातल्या एकाचं आलंय,
ते त्यानंही वाचलेलं नाही.

खरी पत्रिका भेटली, तर दाराला कुलूप.
चोवीस तास वाचायचे चाळीस डॉलर,
म्हणजे या खोलीचं भाडं, लाईटबिल धरून.
ग्रंथालयातले तांबवेकर विद्यापीठाचं लॉगिन देत म्हणाले,
"जेवणाच्या सुट्टीत लाव, तवा सर्व्हर मोकळा असतोय."

लावलं. उघडलं.
तळटिपेत एक अहवाल,
अहवालात तोच तो देखणा लेख,
आणि लेखाच्या तळाशी, आता दिसली, ही पत्रिका.
रंकाळ्याला चक्कर मारावी तसं
जिथून निघाले तिथंच. पाय मात्र दुखायला लागले.

एकच वाट बाहेर जात होती.
जुना प्रबंध, टाईप केलेला, स्कॅन करताना तिरका झालेला,
एका पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा.
तळटीप क्रमांक सतरा:
प्रत्यक्ष मुलाखत, सौ. य. पो., सुभाषनगर, कोल्हापूर.
बस्स. एवढ्यावर
चौतीस वर्षं आकडा चालत आलेला.

केएमटीनं गेले. तिसऱ्या गल्लीत
यमुनाक्का पोवाळकर दारातच बसलेल्या.
बोटं अजून चामड्याच्या वादीगत चिवट,
नजर तेवढी गेलेली.

"आली हुती की. चष्म्याची पोरगी.
च्या घेतला न्हाई, उपास हाय म्हणाली.
बुधवार हुता."

मी माझा कप उचलला.

"नऊ सांगितलं मी तिला.
मिळायचं बारा."

मी गप्प.

"ह्यो बाजूलाच बसल्याला, रापीला धार लावत.
वरचं तीन त्याला म्हाईत नव्हतं."

म्हणजे संदर्भ अस्सल होता, आकडा खोटा.
आणि त्या पोरीनं जे ऐकलं ते अगदी तसंच उतरवलं,
फक्त खोलीत आणखी कोण होतं
ते लिहायचं राहिलं.

मॅडमना हे काय म्हणून सांगायचं, मला कळेना.
कुठल्या शोधचौकटीत टाकायचे असतात
नवऱ्यासमोर न बोललेले तीन रुपये?

विचारलं, "त्या तिनाचं काय केलंत, अक्का?"

अक्का हसल्या. मग थांबल्या.
भिंतीवर ह्यो होता, चंदनाच्या हारात, फेटा बांधून.
त्याच्याकडं मान वळवून
त्यांनी आवाज खाली घेतला:

"ह्ये बी लिवणार हाईस?"

माझ्या मांडीवर मोबाईलचा तांबडा ठिपका
सेकंद मोजत होता.
मी तो बंद केला.
मग त्यांनी सांगितलं.