डावा अंगठा

नेलिदा,
तुझा पोर्टफोलिओ सोमवारपासून माझ्या टेबलावर आहे.
काळं रेक्झिन, एक बंद तुटलेला, तिथे बुटाची नाडी.
परीक्षकाने पानं उलटावीत, गुण द्यावेत, सही करावी.
मी तेवढ्यात चार वेळा कोकाचा चहा गरम केलाय.

पहिल्या पानावर, नियमाप्रमाणे, ‘स्वतःविषयी दोनशे शब्द’.
तू सात लिहिलेस:
ज्यांना कुणी रंगवलं नाही, त्यांच्या घरातली मी.
बाकी कागद कोरा.
मी पेन्सिलीने ‘अपुरं’ लिहिलं. मग खोडलं.
आता तिथे कागद जरा झिजलाय.

दुसऱ्या पानावर देवदूत.
कुस्कोच्या चर्चांत तीनशे वर्षं उभे आहेत तसाच,
स्पॅनिश सरदाराची लेस, पिसांची टोपी,
गुडघ्याशी रिबिनीची गाठ, हातात बंदूक.
चेहरा मात्र एफ्राइनचा, तुझ्या भावाचा,
जो रात्रभर बँकेच्या दारात उभा असतो.
त्याला बंदूक देतात, गोळ्या देत नाहीत,
तूच सांगितलं होतंस, ब्रश धुता धुता.
पंख अंगावर नाहीत.
खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेत.

मग मेरी. डोंगरासारखा तिचा त्रिकोणी झगा,
आणि झग्याच्या घडीत तुझी आई,
बटाट्यांच्या पोत्यावर बसून मोबाइलवर हिशेब करणारी.
सोन्याची नक्षी झग्यावर नाही, पोत्यावर.
‘५० किलो’ हेसुद्धा तू सोन्यातच लिहिलंस.

कमिटीतल्या इर्माबाई म्हणाल्या,
‘उसनवारी फार. हिचं स्वतःचं काय आहे यात?’
मी मान डोलावली.
पगारी मान ती, डोलते.

चौथं चित्र मी काल रात्री पाहिलं.
स्वतःचा चेहरा काढायला तू नवा कॅनव्हास घेतला नाहीस.
जुन्या कुणाच्या तरी चित्रावर चढवलास,
आणि खालच्या कोपऱ्यात रंग खरवडून
त्या कुणाचा तरी एक हात उघडा ठेवलास.
डावा हात.
अंगठा भलतीकडेच वळलेला.

हा अंगठा मी कुठेही ओळखीन, नेलिदा.
तीस वर्षं सान ब्लासच्या गल्लीत
पर्यटकांसाठी मी देवदूत पाडले, आठवड्याला डझनभर.
वर चहाचं पाणी, मग निलगिरीच्या पाल्याचा धूर.
धूर तू घालायचीस, पंधरा वर्षांची होतीस, डोळे पुसत पुसत.
दुकानदार म्हणायचा, सतरावं शतक.
सही कधी केली नाही. ‘जुन्यांनी तरी कुठे केल्या होत्या?’
मी म्हणालो होतो.
‘त्यांना करू दिल्या नव्हत्या,’ तू म्हणालीस,
आणि मी फडकं मागितलं.

सगळं जमायचं मला. लेस, पिसं, चापावरचं बोट.
हा एक अंगठा मात्र जन्मात जमला नाही.
म्हणजे ल्योंमध्ये, ओसाकात, टोरांटोत
कुणाकुणाच्या दिवाणखान्यात तो लटकतोय,
आणि लिहिता न येणारा माणूस कागदावर उठवतो
तसा मी तो उठवत गेलो,
कुणी हात धरला नव्हता तरी.

कितीला घेतलास परत? कुणाकडून?
त्याच्यावर तुझा चेहरा, निवडुंगावरच्या किड्यांच्या लालात,
खाली मातीचं अस्तर, सोनं कुठेच नाही.
ओठ जाड आहेत तेवढेच जाड ठेवलेस.
मी बारीक करायचो. सगळ्यांचे. विचारलंही नाही कधी.
आणि खाली, पुढच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असं
नेलिदा कावाना हुइल्का,
बापाचं आडनाव, आईचं आडनाव, दोन्ही.

शुक्रवारी निकाल. गुणांचा रकाना रिकामाच आहे.
खाली परीक्षकाची सही हवी.
मी शाईचं पॅड शोधून ठेवलंय.
कार्यालयातली मुलगी म्हणेल,
‘सर, अंगठा नाही चालत.’
बघू.