पाचवा कोपरा

हरिपूर रस्त्याला, चिंचांच्या मागं
साडेतीन गुंठे काळी माती.
कुंपणाच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला
पुराची रेघ, दोनदा रंग देऊनही उमटलेली.
डॉक्टर शहापुरे म्हणाले,
पाच इंद्रियं, पाच कोपरे,
आणि मधे एक बाक, फोटोसाठी.

मी आराखडा पाठवला.
चौकोनी जागेला पाच कोपरे कसे,
हे कुणीच विचारलं नाही.

मग खोडरबर सुरू झाला.
कण्हेर काढली, विषारी म्हणून.
रातराणी काढली, वरच्या मजल्यावर
अर्धशिशीचे तिघं झोपतात.
वाऱ्यावर वाजायला पितळी नळ्या टांगल्या होत्या,
दुसऱ्याच रात्री कुणीतरी त्यांना मोजे घातले.
त्या माणसाची मी आजही ऋणी आहे.
अनवाणी चालायची वाट : वाळू, गोटे, हरळी.
फिजिओच्या बाईंनी ती एका वाक्यात बंद केली :
साखरेच्या पायांना काटा कळत नाही,
कळतो तेव्हा बोट गेलेलं असतं.

उरला वासाचा वाफा.
मरवा, दवणा, सब्जा, गवती चहा,
कमरेच्या उंचीवर, चाकाच्या खुर्चीतले गुडघे
खाली सहज जातील असा.
त्याचा मला अभिमान होता.

पहिल्या आल्या त्रिशला मगदूम.
मार्केट यार्डात तीस वर्षं अडतीच्या गादीवर.
हळकुंड मोडायचं, नाकाशी न्यायचं
आणि सांगायचं,
ही राजापुरी, ही सेलम,
हिला शिजवताना कुणीतरी घाई केलीय.
एका तापात नाक गेलं. गादी मुलाकडं गेली.

मरवा चुरगळला. "पुढं."
दवणा. "पुढं."
सब्जाला जरा वेळ दिला,
लांबच्या पाहुण्याला द्यावा तसा.
"पुढं."
बोटं पदराला पुसली,
म्हणाल्या, छान हिरवं केलंय हो.

पलीकडं एक जुना खड्डा होता.
आराखड्यात मी तो निळा रंगवलेला,
कमळं, दोन कासवं.
काठावर बाबालाल मुलाणी बसलेले,
उजवा हात मांडीवर,
दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा.
"ह्यो खड्डा न्हाय बाई. पेव हाय, बसल्यालं."
तोंड एवढंसं असतं, पोट खोलीएवढं.
आत उसाचा पाला, पाल्यात हळद, वर्षानुवर्षं.
"कंदील आधी सोडायचा, मग माणूस.
वात विझली तर वर बसून पान खायचं."
मला वाटलं, गोष्ट सांगतायत.
ते नजरेनं खोली मोजत होते.
"पाणी नका भरू ह्यात.
पाणी लई बघितलंय ह्या मातीनं."

त्रिशलाबाई काठाशी वाकल्या.
खालून गारवा येत होता,
पोटऱ्यांना कळेल एवढाच.
त्या बराच वेळ तशाच.
मी वहीत लिहायला गेले, आणि नाही लिहिलं.
"वास येत नाही," त्या म्हणाल्या,
"पण कुठून यायचा, ते समजतंय."
मग एक ढेकूळ उचलून
बाबालालच्या उजव्या तळव्यावर ठेवलं.
"कळतंय?"
"तुमी ठेवलंय म्हंजे असंल."
दोघंही हसले. मला हसावं की नाही कळेना.

तळं रद्द.
तीन रुंद पायऱ्या, कठडा डाव्या हाताला.
वर चढताना तो उजवीकडं येतो,
हे बाबालालनीच दाखवलं. म्हणून दोन्हीकडं.
भिंती मातीच्याच, बसायला मातीचा ओटा,
पावसाचं उपसायला बाजूनं चर.

डॉक्टर काठावरून बघत म्हणाले,
हे नक्की कुठलं इंद्रिय?
पाट्या करायला टाकायच्या होत्या.
मी म्हटलं, चार करा.

बिल मात्र द्यावंच लागतं :
दवणा, रोपं चाळीस.
पितळी नळ्या, मोज्यांसकट परत.
कठडा, नऊ फूट, दोन वेळा.
खड्डा, एक. आधीच होता.