रकाना

फेब्रुवारीतला शनिवार, सातपूरची आमची शाळा,
आणि कुलथे सरांनी ठरवलं
मातृभाषा दिन जोरात झाला पाहिजे,
फोटो वर पाठवायचेत.

फळा माझ्याकडे आला.
मी रकाने आखले, म्हटलं
घरचा एकेक शब्द लिहा, पाण्यापासून सुरू करू.
रिंकी निषादने लिहिलं पानी.
मुस्कान अत्तारने लिहिलं पानी.
वॉचमनच्या बिशालने, जो नेपाळचा, लिहिलं पानी.
अखिल गुंडेटी एकटा नीळ्ळु लिहून
छाती काढून जागेवर गेला,
तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं,
बाई, तहान सगळ्यांची सारखीच,
अखिलची सोडून.

मग चिमणी, मग रुसणं.
यमुना भोये खडू धरून उभीच राहिली.
सुरगाण्याकडची. म्हणाली,
बाई, आमचं लिहीत नाहीत, बोलतात फक्त.
म्हटलं, मग लिही की,
चुकलं म्हणणारं कोण आहे इथे?
तिने वळून वर्गभर पाहिलं,
खरंच कोणी नाही याची खात्री केली,
आणि लिहीत सुटली, शेजारच्या रकान्यातसुद्धा.
खडूचा चुरा झाला.

बाई, रुसण्याला तुमच्यात काय म्हणतात?
रिंकीने विचारलं.
मी म्हटलं, आमच्यात रुसणंच.
आणि डस्टर घेतलं.

दुपारी मंडप. माइक गणेश मंडळाचा,
त्यामुळे अधूनमधून आपोआप घुमायचा.
पहिली शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला
तसे बाप आले, गणवेशातच.
दिंडोरीच्या पॅकहाऊसमधल्या आया
अर्धी रजा टाकून मागे बसलेल्या,
बोटांना कात्री लागून लागून
चिकटपट्ट्या.

पहिलीतली भाविका बोरसे चढली,
पाठ केलेलं अर्धं वाक्य म्हणाली
आणि समोर एवढी माणसं आहेत
हे तिला तेव्हाच दिसलं.
ओठ वाकडा. मग मोठ्याने.
मी धावले, गुडघ्यावर बसले,
आणि काही ठरवायच्या आत
तोंडातून निघालं:
कसाले रडी ऱ्हायनी वं, आंडेर?

माइक चालू होता.

एकवीस वर्षं हे वाक्य मी कोणाला म्हटलं नव्हतं.
स्वतःच्या लेकीला नाही, ती पाळण्यात रडताना नाही.
डी.एड.ला होते तेव्हा एका मॅडमनी
माझं एक ‘शे’ फळ्यावर लिहून
त्याच्यावर काट मारली होती, हसत हसत,
वाईट नव्हत्या त्या.
त्या रात्री मी ‘आहे’ घोकलं
जसा पाढा घोकतात.
पुढे मायचा फोन आला की गॅलरीत जायची,
दार लोटून घ्यायची.
नवऱ्याला वाटायचं, रेंज नसते आत.

मंडपात एक क्षण काहीच नाही.
मग मागून भाविकाची आई,
चिकटपट्टीचा हात तोंडाशी धरून:
कोनतं गाव वं बाई तुन्हं?
शिंदखेडा, मी म्हटलं, माइकमध्येच.
हशा झाला. टाळ्या पण, थोड्या.
भाविका मात्र थांबली नाही,
उलट जास्तच रडली,
आणि केळं मिळाल्यावर गप्प झाली.

संध्याकाळी सरांनी अहवालाचा कागद पुढे केला.
सहभागी भाषांची संख्या.
अहिराणी धरू नका, ते म्हणाले,
ती मराठीतच येते, वेगळा रकाना नाही.
आणि यमुनाची?
सरांनी चष्मा पुसला.
खाली एक ओळ होती,
समन्वयक शिक्षिकेची मातृभाषा.
सोमवारी देते, मी म्हटलं.

त्र्यंबक रोडच्या सिग्नलला गाडी बंद केली.
रुसले की माय मला काय म्हणायची?
शब्द जिभेच्या टोकापर्यंत आला,
तिथेच रुसून बसला.
सिग्नल सुटला. मागचा रिक्षावाला ओरडला,
कुठल्या भाषेत ते लक्षात नाही.

गाडी कडेला घेऊन भावाला फोन लावला.
नंबर नवीन होता माझा, त्याच्याकडे नसावा.
कोण बोलतंय, त्याने विचारलं, शुद्ध, सावधपणे,
बँकेच्या फोनला विचारतात तसं.
मी म्हटलं,
मी शे.